आधी भिंतीतले, मग भिंतीवरचे



घर बांधायला काढले की पैसा कुठे संपतो, हे ज्यांनी बांधले त्यांना सांगायला नको. पाया, विटा, लोखंड, स्लॅब. प्लॅस्टरपर्यंत येता येता कर्जाचा शेवटचा हप्ता उचललेला असतो आणि स्वयंपाकघर म्हणजे अजून चार कोऱ्या भिंती असतात. मग घरात ठरते, सध्या ओटा टाकून घेऊ, बाकीचे दिवाळीनंतर पाहू. वर्ध्याला आमचे घर झाले तेव्हा आम्हीही हेच ठरवले. त्यात चूक काही नव्हती. पण पुढे काय ढकलता येते आणि काय येत नाही, हे तेव्हा आम्हाला कळले नाही.

ओट्याचेच पाहा. मिस्त्रीने उंची विचारली तेव्हा साइटवर हे उभे होते. ह्यांची उंची पावणेसहा फूट. ह्यांनी हात टेकवून पाहिला, ‘36 इंच ठीक आहे’ म्हणाले आणि ओटा झाला. मी जेमतेम पाच फूट. 36 इंचांवर शेगडी चार-पाच इंच, त्यावर कढई. पोहे परतायचे तर खांद्यापर्यंत हात वर न्यावा लागे. खांदा धरला, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारले, ‘बाई, तुम्ही काय उचलता?’ काय सांगणार? ग्रॅनाइट बसून गेले होते. लाकडी पाटावर उभे राहून मी कितीतरी वर्षे स्वयंपाक केला.

हिशेब सोपा आहे. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करणार, तिने ताठ उभे राहून हात कोपरात वाकवावा. कोपराच्या चार ते सहा बोटे खाली ओटा यावा. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना 32 ते 34 इंच पुरतात. शेगडीपुरता भाग आणखी तीन-चार इंच खाली घेतला तर उत्तमच. याला जास्तीचा पैसा फारसा लागत नाही. मिस्त्री यायच्या आधी विचार लागतो.

दुसरी गोष्ट हवेची. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. कूलर पुढच्या खोलीत लागतो, स्वयंपाकघरात बाई आणि शेगडी. दुपारचे ऊन पश्चिमेचे, म्हणून जमत असेल तर स्वयंपाकघर त्या बाजूला नको. नाइलाज असेल तर तिथल्या खिडकीवर पुरेसा छज्जा घ्या. शेगडीच्या वर, छताजवळ, फूटभराचा चौकोन बांधकामातच मोकळा ठेवा. पंखा पुढच्या वर्षी बसवा, हरकत नाही. भोक मात्र आत्ताच हवे. नंतर भिंत फोडायची म्हणजे मजुरी, प्लॅस्टर, रंग, सगळे पुन्हा.

धुराला वाट करून देण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी मगनवाडीत घाणी, गूळ, हातकागद अशा उद्योगांबरोबर चुलीचाही विचार करत होते. मगन चूल तिथलीच. मातीची साधी चूल, पण धूर बाईच्या डोळ्यांत न जाता धुराड्यातून बाहेर जावा, अशी तिची बांधणी. गावोगाव ती टिकली नाही. धुराडे वेळोवेळी साफ करावे लागे आणि तुटले तर दुरुस्तीला कोण होते? तरी स्वयंपाकघरात सुधारणा कुठून सुरू करायची, हे त्या लोकांनी बरोबर ओळखले होते.

गॅसचे आणखी एक. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता फरशीवर साचतो. म्हणून वरच्या झरोक्याबरोबर जमिनीलगत एक जाळीही हवी. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खाली. बंद कपाटात कोंडू नये. नळी जुनी झाली की बदलावी, पाच वर्षांपुढे नेऊ नये.

नळाचे पाइप, सांडपाण्याचा उतार, मिक्सर-फ्रिजचे पॉइंट हे सगळे प्लॅस्टरच्या आधीचे. इथे काटकसर करू नका. काटकसरीला जागा दुसरीकडे आहे. ग्रॅनाइटऐवजी कडप्पा चालतो. लिंबाचे डाग पडतात, पडू द्या. टाइल्स ओट्यावर दोन फूट पुरे, छतापर्यंत कशाला? ओट्याखाली कडप्प्याचे खण करून पुढे पडदा लावा. प्लायवूडची दारे सिंकखाली ओल धरून फुगतात, हे जाहिरातीत दिसत नाही. कपाटे दोन-तीन वर्षांनी केली तरी बिघडत नाही. उलट तोवर कुठला डबा रोज हाताशी लागतो, ते कळलेले असते.

सेगावला, म्हणजे 1940 पासूनच्या सेवाग्रामला, 1936 साली आदिनिवास बांधले गेले ते जवळपास मिळणारा माल आणि गावातले कारागीर घेऊन. आज सगळेच तसे जमणार नाही. पण आपल्या भागातला दगड, वीट आणि कामाची सवय असलेला मिस्त्री स्वस्त पडतो, हे अजूनही खरे आहे.

मागे माझ्या धाकट्या बहिणीने हिंगणघाटला घर काढले. ओट्याच्या दिवशी ती सकाळीच साइटवर गेली, सोबत पोळपाट-लाटणे आणि भिजवलेली कणीक. विटांची चळत रचून तिने वर पोळपाट ठेवला आणि दोन पोळ्या लाटून पाहिल्या. मजूर हसत होते. तिने लाटणे खाली ठेवले आणि मिस्त्रीला म्हणाली, ‘भाऊ, एक वीट काढा.’