खेळांतला शत्रू



गेल्या दिवाळींत मी माझ्या बहिणीकडे केळव्यास गेलों होतों. पालघर तालुक्यांतील हें गांव सुरूच्या बनासाठीं आणि पानवेलींच्या वाड्यांसाठीं आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. अंगणांत मुलांनीं मातीचा किल्ला केला होता. आपल्याकडे असे किल्ले बहुधा डोंगरी असतात. पण या मुलांनीं केला होता तो पाणकोट. दांड्याच्या खाडीच्या तोंडाशीं, जहाजासारखा दिसणारा खरा पाणकोट रोज डोळ्यांसमोर असतां त्यांनीं राजगड कशासाठीं करावा?

किल्ला झाला, चित्रें मांडलीं, आणि लढाई ठरली. माझ्या भाच्याचा एक मित्र वसईहून आला होता, ख्रिस्ती कुटुंबांतला. सर्वांनीं एकमतानें त्यास फिरंग्यांचा सरदार केलें. दोन दिवस तो आनंदानें हरला. तिसऱ्या दिवशीं मात्र पायरीवर जाऊन बसला आणि मला म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा. माझी आजी घरांत यांच्या आजीसारखीच वाडवळी बोलते. मग दर वेळीं फिरंगी मीच कां?"

या प्रश्नाचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. तेंच आज आपणांसमोर देण्याचा प्रयत्न करीत आहें.

प्रथम इतिहास पाहूं. १५३४ सालीं वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि दोनशें वर्षें तो त्यांच्या ताब्यांत राहिला. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत केळवें, त्याच्या शेजारचें माहीम, शिरगांव, तारापूर हीं ठाणीं एकामागून एक मराठ्यांच्या हातीं आलीं. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर पडले. आणि मे महिन्यांत वसई आली. पण तटावर उभे असलेले सर्व लोक लिस्बनहून आले होते काय? मुळींच नाहीं. पोर्तुगीजांच्या सैन्यांत याच मातींतले ख्रिस्ती आणि इतर देशी शिपाई होते. उलट, पेशव्यांकडे धांव घेऊन ही मोहीम घडवून आणण्यास झटणारे अणजूरचे गंगाजी नाईक हेहि येथलेच. म्हणजे तटाच्या आंत आणि बाहेर एकाच भाषेचे लोक होते. मातीच्या किल्ल्यांत हें दिसत नाहीं, कारण बाजारांतलीं चित्रें एका सांच्यांतून निघतात.

हाच सांचा संगणकावरील युद्धखेळांतहि असतो. माझा भाचा संध्याकाळीं रोमन साम्राज्य चालवितो! २००४ सालीं निघालेल्या 'रोम : टोटल वॉर' या खेळाचा आरंभ इसवी सनापूर्वीं २७० या वर्षीं होतो. त्यांतील इजिप्तचें सैन्य पाहावें, तर रथ आणि फेरोंच्या काळचा पोशाख! वस्तुतः त्या वर्षीं इजिप्तच्या गादीवर दुसरा टॉलेमी हा मॅसिडोनियन वंशाचा राजा होता, आणि त्याचें मुख्य पायदळ ग्रीक पद्धतीनें लांब भाले घेऊन लढत असे. खेळांतले रथ हजार वर्षें जुने. ज्या अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यास सांपडले, त्याच्या तेराव्या शिलालेखांत यवनराजा अंतियोक याच्या पलीकडील राजांमध्यें 'तुरमय' असें नांव येतें. तो हाच टॉलेमी. छापखाना नसतां अशोकास जें ठाऊक होतें, तें खेळ रचणाऱ्यांनीं बाजूस ठेविलें.

असें कां व्हावें? अज्ञान हें एकच कारण नव्हे. खेळांत शत्रू दुरून ओळखतां आला पाहिजे. ग्रीकांसारखा इजिप्त आणि ग्रीकांसारखाच सीरिया दिसूं लागला, तर खेळणारा गोंधळेल. म्हणून प्रत्येक लोकसमूहास एक रंग, एक वेष, एक चेहरा देण्यांत येतो. सोय खेळाची होते. किंमत मात्र इतिहास देतो.

रोमचेंच उदाहरण घ्या. रोमन म्हटला कीं इटलींतला एकाच तोंडवळ्याचा शिपाई आपण डोळ्यांसमोर आणतों. पण इंग्लंडच्या उत्तरेस हेड्रियन बादशहानें इ. स. १२२ मध्यें बांधावयास घेतलेल्या तटावर सीरियाचे तिरंदाज होते, उत्तर आफ्रिकेचे मूर होते. बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस जन्मला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, लेप्टिस मॅग्ना येथें. आणि वारला २११ सालीं इंग्लंडांतील यॉर्क येथें. त्या तटाच्या पूर्वेकडील टोकानजीक साउथ शील्ड्स येथें एक समाधिशिला सांपडली आहे. पाल्मिराच्या बाराटेसनें ती आपल्या ब्रिटिश पत्नीसाठीं, रेजिनासाठीं उभारली. ती प्रथम त्याची दासी होती; त्यानें तिला मुक्त करून तिच्याशीं विवाह केला. शिलेवर लॅटिन मजकूर आहे, आणि खालीं एक ओळ पाल्मिराच्या लिपींत, त्याच्या मायबोलींत आहे. दुःख सरकारी भाषेंत पुरतें सांगतां आलें नसावें. सांच्यांतल्या कोणत्या रंगांत हा मनुष्य बसेल?

याचा अर्थ कोणासहि कोठेंहि उभें करावें असा नव्हे. जेथें जो होता तेथें तो दाखवावा, आणि कल्पनेनें घातलें असेल तें कल्पना म्हणून सांगावें, एवढीच मागणी आहे. हें अशक्यहि नाहीं. वरील खेळाच्याच शौकिनांनीं 'युरोपा बार्बारोरम' नांवाची त्याची सुधारलेली आवृत्ति स्वतः खपून तयार केली. तींत रोमनांनीं ज्यांस रानटी म्हटलें, त्यांच्या पथकांस त्यांच्याच भाषांतील नांवें दिलीं. आणि खेळांचे उपकारहि विसरूं नयेत. माझ्या भाच्यास टॉलेमी हें नांव शाळेनें नव्हे, खेळानें शिकविलें.

परंतु दुसऱ्यांकडे खऱ्याची मागणी करावयाची, तर ती घरापासून केली पाहिजे. २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्यें मराठ्यांचें राज्य आलें, तेव्हां आपणांस आनंद झाला. आपलें चित्र तेजस्वी असावें असें कोणास वाटत नाहीं? मात्र अचूकपणा म्हणजे केवळ आपली पगडी नीट बांधलेली असणें नव्हे. समोरच्या तटावरचा मनुष्यहि मनुष्य म्हणून दिसणें होय.

हें सारें मी त्या मुलांस थोडक्यांत सांगितलें. त्यांत बराच वाद झाला. शेवटीं चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवाव्या, आणि तटावरील निम्मे शिपाई देशी धरावे, असें ठरलें. वसईच्या मुलाच्या चिठ्ठींत काय निघालें तें मला कळलें नाहीं. केळवें रोडची गाडी गांठावयाची होती. पण मी फाटकांतून बाहेर पडलों तेव्हां तो पायरीवरून उठला होता.