करार दोन वर्षांचा, काम तेरा वर्षांचं



आपल्या गावांत पुतळ्यांना तोटा नाही. अनावरणाची कोनशिला वाचली, की कोणत्या मंत्र्यांच्या हस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, सगळं कळतं. घडवणाऱ्याचं नाव मात्र क्वचितच सापडतं. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८चा अश्वारूढ पुतळा किती जणांनी डोळे भरून पाहिला असेल, पण तो विनायकराव करमरकरांचा, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असतं. म्हणून आजचं व्याख्यान मी एका शिल्पकाराच्या कामाच्या पद्धतीला वाहिलं आहे. माणूस अमेरिकेतला, ऑगस्टस सेंट-गॉडन्स. त्याच्या आयुष्यातल्या एकाच कामावर मी जास्त वेळ थांबणार आहे, बाकीचं भरभर सांगेन.

जन्म १८४८चा, डब्लिनमधला. वडील फ्रेंच चांभार, आई आयरिश. मूल काही महिन्यांचं असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आलं. तेराव्या वर्षी मुलाला कॅमिओ कोरणाऱ्या कारागिराच्या हाताखाली ठेवलं. कॅमिओ म्हणजे शंखावर किंवा रंगीत थरांच्या दगडावर कोरलेली नखाएवढी उठावदार मुद्रा. मालक तापट होता. जेवणाचे कण जमिनीवर सांडले एवढ्यावरून त्याने पोराला हाकललं. राग ओसरल्यावर पगार वाढवून द्यायला तो घरी आला, पण पोरगा परत गेला नाही. दुसऱ्या कारागिराकडे लागला. दिवसभर कोरीव काम आणि रात्री कूपर युनियनच्या मोफत वर्गात रेखाटन, अशी त्याची वर्षं गेली. एप्रिल १८६५मध्ये लिंकनचं पार्थिव न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये ठेवलं होतं. सतरा वर्षांचा हा मुलगा रांगेत उभा राहून तो चेहरा पाहून आला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिला, दुसऱ्यांदा पाहायला.

१८६७मध्ये तो पॅरिसला गेला. एकोल दे बोझार या तिथल्या कलाशाळेत प्रवेश मिळायला वर्ष गेलं. पोटासाठी कॅमिओ कोरणं चालूच होतं. त्या शाळेची शिस्त कडक. आधी नग्न देहाचा अभ्यास, हाडं, स्नायू, तोल आणि मग वस्त्र. कोटाच्या आत देह नसेल तर कोट नुसता लटकतो, हे तिथे हातात भिनवलं जाई. पुढे फ्रान्स आणि प्रशियात युद्ध पेटलं तसा तो रोमला गेला. असा घडलेला माणूस मायदेशी आला तेव्हा तिथलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपून दहा वर्षं झाली होती आणि शहराशहरांत स्मारकांची मागणी होती.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमधला अ‍ॅडमिरल फॅरागटचा पुतळा १८८१मध्ये उघडला आणि त्याचं नाव झालं. जहाजाच्या डेकवर पाय रोवून उभा असलेला दर्यावर्दी, वाऱ्याने उडालेलं कोटाचं टोक, आणि स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुरचनाकाराने केलेला, बसायला बाक असलेला चौथरा. चौथराही शिल्पाचाच भाग असतो, हे त्या दोघांनी अमेरिकेला दाखवलं. आपल्याकडे चौथरा अजूनही ठेकेदारावर सोडला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. शिकागोचा उभा लिंकन १८८७चा. खुर्चीतून नुकताच उठलेला, बोलण्याआधी क्षणभर मान खाली घातलेला. त्यासाठी लिंकनच्या जिवंतपणी घेतलेला चेहऱ्याचा आणि हातांचा साचा वापरला, आणि देहासाठी लिंकनइतकाच उंच शेतकरी उभा केला.

आता शॉ स्मारकाकडे येतो.

रॉबर्ट गूल्ड शॉ हा बॉस्टनच्या सुखवस्तू घरातला गोरा तरुण. यादवी युद्धात उत्तरेने कृष्णवर्णीय सैनिकांच्या ज्या पहिल्या पलटणी उभारल्या, त्यांतल्या चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा तो कर्नल. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, या शिपायांना १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. म्हणून पलटणीने पगारच घेतला नाही. घरी बायकापोरं उपाशी असताना दीड वर्ष नाकारला. १८ जुलै १८६३ला दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्याच्या तटावर त्यांनी धाव घेतली. शॉ पडला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. शत्रूने त्याला त्याच्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरलं. पुढे प्रेत हलवायची गोष्ट निघाली तेव्हा वडिलांनी नकार दिला. मुलगा आपल्या माणसांत आहे, तिथेच राहू द्या, ही त्यांची भूमिका.

१८८४मध्ये बॉस्टनच्या स्मारक समितीचा सेंट-गॉडन्सशी करार झाला. १५ हजार डॉलर, मुदत दोन वर्षं. त्याच्या मनात नेहमीचा अश्वारूढ पुतळा होता. शॉच्या घरच्यांनी हरकत घेतली. घोड्यावरचा पुतळा सेनापतींचा असतो, आमचा मुलगा कर्नल होता, एकट्याला एवढा मोठा करू नका. या नकारातून सगळं काम पालटलं. घोडा राहिला, पण त्याच्या बरोबरीने चालणारी पलटण आली. सुटा पुतळा जाऊन सुमारे ११ फूट उंच आणि १४ फूट रुंद असं ब्राँझचं उठावशिल्प ठरलं.

पलटण दाखवायची सोपी वाट तयार होती. एक चेहरा करा, तोच जरा फिरवून दहा वेळा लावा, लांबून कोण बघतं! त्या काळच्या अमेरिकन शिल्पात कृष्णवर्णीय माणूस दिसे तो बहुधा गुडघे टेकून, बेड्या तुटल्याबद्दल कृतज्ञ मुद्रेने. सेंट-गॉडन्सने रस्त्यावरून माणसं बोलावून स्टुडिओत बसवली आणि चाळीसेक डोकी मातीत घडवली. त्यांतून निवडून पलटण रचली. पुढे ढोल वाजवणारी कोवळी पोरं. मागे एक दाढीवाला, पिकल्या वयाचा. एकाची टोपी कपाळावर ओढलेली, एकाचा ओठ घट्ट मिटलेला. पाठीवर गुंडाळलेली घोंगडी, खांद्यावर तिरप्या बंदुका. घोडा आणि शॉ जवळजवळ पूर्ण गोलाईत पुढे आलेले. मागची रांग उथळ होत जाते आणि शेवटचे चेहरे पृष्ठभागावर नुसते उमटल्यासारखे राहतात. नखाएवढ्या शंखात खोली दाखवायला शिकलेल्या हाताने ही उतरंड साधली, असं मी मानतो.

इथे एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. त्याच्या आठवणी छापलेल्या आहेत. या मॉडेलांविषयी त्याने त्यांत जे लिहिलं आहे, ते त्या काळच्या गोऱ्या माणसाच्या तुच्छतेने भरलेलं आहे. वाचताना त्रास होतो. तरी त्याच माणसाच्या बोटांनी मातीत जे पाहिलं त्यात तुच्छतेचा लवलेश नाही. समोर बसलेल्या माणसाच्या गालाचं हाड जसं आहे तसंच करायचं, ही शिस्त त्याच्या मतांपेक्षा प्रामाणिक निघाली. शास्त्रीय शिक्षणाचा यापेक्षा मोठा उपयोग मला माहीत नाही.

दोन वर्षांची मुदत संपली, चार झाली, दहा झाली. ओली माती ओल्या फडक्यांत जपावी लागते, नाहीतर तडकते. तो मधे दुसरी कामं करून पोट भरत होता आणि शिडी लावून पुन्हा याच कामावर चढत होता. शिपायांच्या वर तरंगणारी देवदूतासारखी आकृती तर त्याने किती वेळा बदलली. पॅरिसच्या मित्राने, पॉल बियोंने, ती काढूनच टाक असं पत्र लिहिलं, पण याने ती ठेवली. माझं मत मित्राच्या बाजूचं आहे. त्या शिपायांना वरून वाट दाखवायची गरज नाही.

श्रोतेहो, इथे मला मालवण आठवतं. राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. माझ्या मनात घर करून राहिला तो वेळेचा प्रश्न. शिल्पकाराला आपण तारीख देतो आणि ती समारंभाच्या सोयीने देतो. बॉस्टनची समिती वैतागली असेल, टाकून बोलली असेल, पण तिने काम हिसकावून घेतलं नाही. त्या समितीचंही ऋण मान्य केलं पाहिजे.

३१ मे १८९७ला अनावरण झालं. कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स बोलले. पलटणीतले उरलेले म्हातारे शिपाई, फोर्ट वॅग्नरवर झेंडा पडू न देणारा सार्जंट विल्यम कार्नी त्यांत, स्मारकासमोरून संचलन करत गेले. १८६३च्या मे महिन्यात पलटण युद्धावर निघाली ती याच रस्त्याने. ते दृश्य पाहून शिल्पकार हेलावून गेला, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. आणि तरीही काम त्याच्या लेखी संपलं नव्हतं. प्लास्टरची प्रत घेऊन तो पॅरिसला गेला आणि तिथे त्यात बदल करत राहिला.

पुढची बरीच वर्षं आजारपणाची. १९०३मध्ये जनरल शर्मनचा अश्वारूढ पुतळा झाला. १९०४मध्ये कॉर्निश गावातल्या त्याच्या स्टुडिओला आग लागून कितीतरी काम भस्मसात झालं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून त्याने वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचं रेखन केलं. उठाव इतका की टांकसाळीला एकेक नाणं अनेकदा ठोकावं लागे. नाणं चलनात येण्याआधीच, ऑगस्ट १९०७मध्ये, तो गेला.

एक उणीव मात्र स्मारकात राहिली होती, आणि ती त्याची एकट्याची नव्हती. मागच्या बाजूला पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं कोरली होती, शिपायांची नव्हती. ती कोरायला १९८०चं दशक उजाडावं लागलं.

आपल्यापैकी अनेकांची मुलं, नातवंडं बॉस्टनला आहेत. जाणं झालं तर बॉस्टन कॉमनच्या कडेला, स्टेट हाउसच्या समोर, बीकन स्ट्रीटवर हे स्मारक आहे. तिकीट नाही, कुंपण नाही. आधी रस्त्यापलीकडून सगळं एकदम पाहा, मग अगदी जवळ जाऊन डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा बघत चला. घाई करू नका. आणि मागच्या बाजूला जाऊन शिपायांची नावं वाचायची राहू देऊ नका.