उत्तर बरोबर, पण रीत?



तुमच्यापैकी अनेकांचे स्वतःचे व्यवसाय आहेत, म्हणून ऑडिटमधले बदल सांगतो. माझ्या आर्टिकलशिपच्या काळात व्हाउचरवर टिक मारण्यात दिवस जायचा. निवडक नोंदी तपासायच्या आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. आज संगणक वर्षभराची प्रत्येक नोंद चाळू शकतो.

कायदाही बदलला. २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा उघड झाला. ताळेबंदात दाखवलेली बँकेतली कोट्यवधींची शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध व मोठ्या कंपन्यांना ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलणे सक्तीचे केले. २०१८ मध्ये आमच्यावर देखरेख ठेवणारी एनएफआरए ही संस्था आली. २०१९ पासून आमच्या सहीबरोबर यूडीआयएन क्रमांक लागतो, त्यामुळे खोटी सही पकडता येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहावी लागते.

पण मार्चची नोंद जूनमध्ये बदलली, एवढेच सॉफ्टवेअर सांगते. ती का बदलली, हे माणसालाच विचारावे लागते. तेही जो आपली फी देतो त्याला. ऑडिटरची खरी कसोटी तिथेच लागते, आणि ती कोणत्याही यंत्रावर सोपवता येत नाही.

म्हणून तुमच्या ऑडिटरने अवघड प्रश्न विचारला, तर रागावू नका. "उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठे आहे?" असे विचारून गुण कापणाऱ्या गणिताच्या सरांवर तरी आपण कुठे कायमचे रागावलो?