तलाव वरून पाहू, मग पायी फिरू

धान कापून झालं, चुरणं चालू आहे, तरी तुम्ही रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. आज आपण तलावाविषयी बोलू. तलावात काय उगवतं, ते वर्षानुवर्षं कसं बदलतं आणि ते आकाशातून घेतलेल्या चित्रांवरून कसं ओळखायचं, हे आमच्या बचत गटानं शिकून घेतलं. शिकताना एक मोठी चूकही होणार होती. तीही सांगतो.

आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हजारो मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजातल्या जुन्या माणसांनी पाळ घालून ते बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पाणी वाटणारी, पाळ सांभाळणारी गावाची जुनी घडी हळूहळू विस्कटली. गाळ साचला आणि काठानं बेशरम वाढलं.

बेशरम तुम्हाला सांगायला नको. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं झाड. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, शेळीनं खाल्लं तर विषबाधा होते. फांदी तोडून टाकली तर पडल्या जागी मूळ धरते. ते वाढलं की काठाचं गवत जातं, जाळं टाकायला जागा राहत नाही.

आमच्या गावात ठरलं की ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि मशीन लावून तलाव साफ करायचा. ठरावाला नकाशा जोडायचा होता. गटातल्या एका ताईची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकते. ती म्हणाली, "उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. आपणच नकाशा करू." आम्ही तिच्यासोबत बसलो.

तिनं समजावलं ते असं. उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो, त्याला अवरक्त म्हणतात. हिरवं, जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि हा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. पाणी त्याला गिळून टाकतं. उपग्रह दोन्ही प्रकाश मोजतो. दोन्हींच्या फरकाला दोन्हींच्या बेरजेनं भागलं की उणे एक ते अधिक एक यांच्यामधला आकडा येतो. दाट पाल्याचा आकडा एकाकडे झुकतो, कोरड्या मातीचा शून्याच्या थोडा वर राहतो, पाण्याचा बहुधा शून्याच्या खाली जातो. आकड्यांना रंग दिले की नकाशा तयार.

अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून चित्रं घेत आहेत. २००८ पासून ती सगळ्यांना फुकट मिळतात. १९८० नंतरच्या दशकापासून त्यांची एक चौकट तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आहे, म्हणजे एका एकरात जेमतेम साडेचार चौकटी. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ साली सोडला. त्याची चौकट दहा मीटरची, एका एकरात चाळीसच्या आसपास. जुन्या काळासाठी लँडसॅट, आजच्यासाठी सेंटिनेल, असं आम्ही ठरवलं. लहानशी बोडी मात्र लँडसॅटच्या चित्रात दोन-चार चौकटींतच संपते, तिथं फार भरवसा ठेवू नये.

महिना कोणता निवडायचा? पावसाळ्यात ढगच दिसतात. दिवाळीच्या सुमारास सगळंच हिरवं, तलावातलं देवधान काय अन् शेजारच्या बांधीतलं धान काय. मे महिन्यात पाणी आटतं, काठाचं गवत वाळतं, पण बेशरम बहुधा हिरवंच उभं असतं. म्हणून आम्ही मे महिन्याची चित्रं घेतली. तीही पाऊसमान साधारण सारखं असलेल्या वर्षांच्या पुढची. नाहीतर दुष्काळी वर्षाचं चित्र पाहून तलाव बुजला असं वाटायचं.

चित्रं शेजारी शेजारी लावली तेव्हा आम्ही गप्प झालो. १९९० च्या मे महिन्यात पश्चिमेचा काठ जवळजवळ कोरा होता. २००५ च्या चित्रात तुरळक हिरवे ठिपके. आताच्या चित्रात सलग हिरवा पट्टा. "पूर्वी असं नव्हतं" हे म्हाताऱ्या बायांचं बोलणं आम्ही ऐकत आलो होतो. ते खरं होतं.

मग मे महिन्यातलं सगळं हिरवं आम्ही लाल रंगवलं आणि त्यावर लिहिलं, बेशरम.

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी गटाच्या बैठकीत तो कागद मांडला. ढिवर मोहल्ल्यातली एक मावशी वाकून पाहत होती. तिनं तलावाच्या मधोमध असलेल्या लाल डागावर बोट ठेवलं. म्हणाली, "अवो पोरींनो, हे बेशरम नाही. हे आमचं कमळ होय. इथूनच तर आम्ही कमळकाकडी काढतो."

आमच्या पोटात गोळा आला. तो कागद तसाच गेला असता तर मशीन तिथंही फिरलं असतं. कमळ विकून घर चालवणाऱ्या बायांचं काय झालं असतं? आणि पाण्यातल्या ज्या वनस्पतींत मासे अंडी घालतात, त्याही खरवडल्या गेल्या असत्या. उपग्रहाला हिरवं पान कळतं. ते पान कुणाच्या पोटाचं आहे, ते त्याला कळत नाही.

आम्ही एक सभा पुढे ढकलायला लावली. कुरकुर झाली, ऐकून घेतली. दोन दिवस मावशीला पुढे घालून काठानं फिरलो, डोंग्यातून आतही गेलो. प्रत्येक झुडपाजवळ मोबाइलवर जागेची नोंद केली आणि मावशी सांगेल ते नाव लिहिलं. पाळीवरची झाडंही हिरवी दिसत होती, ती वगळली. नव्या नकाशात तीन रंग झाले: काढायचं बेशरम, राखायचं कमळ, राखायचं देवधान आणि गवत.

ठराव त्या नकाशासह झाला. मशीनऐवजी हातानं, मुळासकट उपटायचं ठरलं. काढलेलं बेशरम पाण्यापासून दूर, कोरड्या जागी वाळवायचं, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा उभं राहतं.

तुमच्या गावात करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. चित्रं दरवर्षी एकाच महिन्याची घ्या. कॉलेजात शिकणारी पोर शोधा. इस्रोचं भुवन हे संकेतस्थळ मोबाइलवरही उघडतं, तिथं आधी आपला तलाव ओळखायला शिका. आणि नकाशा ग्रामसभेत नेण्याआधी तलावावर पोट असलेल्या बायांसमोर तो जमिनीवर पसरा. त्यांनी बोट ठेवलं, तर तिथं पायी जाऊन पाहा.

आमची ती मावशी कधी शाळेत गेली नाही. नव्या नकाशाच्या कोपऱ्यात, तपासणाऱ्यांच्या यादीत, पहिलं नाव तिचं आहे.

येतो आम्ही. नमस्कार.