टॉवरची बातमी आणि अर्धी विद्या
(विहाराच्या वर्धापन दिनी सिहोरा येथे दिलेले भाषण)



आजच्या दिवशी आम्ही आमचीच एक चूक सांगायला उभे आहोत.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली. तेव्हा मोबाईलवर बातमी फिरली : हा आजार नाहीच, फाइव्ह-जी टॉवरच्या चाचणीने माणसं मरताहेत आणि ते लपवलं जातंय. वस्तीत हे आधी कोणाला पटलं? अडाण्याला नव्हे, पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या, वायरिंग करणाऱ्या आम्हालाच! आमच्या शब्दावर एका घराने आजीची लस महिनाभर लांबवली. आजी वाचल्या. पण त्या महिन्याची आठवण झाली की आजही झोप येत नाही.

असं का व्हावं? एक तर आम्हाला अर्धंच ठाऊक होतं. टॉवरमधून लहरी निघतात, हे खरं. पण लहरींनी विषाणू तयारही होत नाही, पसरतही नाही. देशात कुठेही फाइव्ह-जीची चाचणी सुरूच झालेली नाही, असा खुलासा दूरसंचार विभागाने १० मे २०२१ रोजी केला. सेवा तर १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फाइव्ह-जी नसलेल्या देशांतही कोरोना होताच.

दुसरं, कारागिराची सवय. मोटार बंद पडली की एक फॉल्ट शोधायचा. पण समाज म्हणजे मोटार नव्हे. चांदपूर तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं नाही, तर पाऊस कमी, नहरात गाळ, वरच्यांचा उपसा अशी अनेक कारणं एकत्र येतात. आपण मात्र म्हणतो, "कोणीतरी मुद्दाम अडवलं!"

तिसरा अहंकार : जगाला कळलं नाही ते आम्हाला कळलं.

कट कधी नसतोच, असं नाही. १९९२ चा शेअर घोटाळा खराच निघाला. पण तो बँकांच्या नोंदींतून उघड झाला, कुजबुजीतून नव्हे.

तथागतांनी कालामांना काय सांगितलं? ऐकीव आहे म्हणून मानू नका. एवढंच नव्हे, तर्काला जुळतं म्हणूनही मानू नका. ही दुसरी सूचना आम्हा हुशारांसाठीच आहे.

म्हणून तरुणांनो, बातमी पुढे पाठवण्याआधी विचारा : पुरावा काय? दुसरं कारण असू शकतं का? आणि हे चुकीचं निघालं तर कोणाच्या घरचा जीव जाईल?

जयभीम! नमो बुद्धाय!