मजुरी कुणाच्या हाती?



रिसोडच्या खेड्यांत सोयाबीन निंदायला जाणाऱ्या बायांना मी विचारते, "तुमची मजुरी कुठं जाते?" उत्तर येतं, "घरात." घरात म्हणजे कुणाच्या हातात?

महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला कामाचा हक्क दिला. 2005 च्या केंद्रीय कायद्याने वर्षाला 100 दिवसांची हमी दिली, पण ती कुटुंबाला. कुटुंब म्हटलं की पुरुषाचं नाव पुढे येतं. दिवस कुणी भरायचे, पैसे कुणी काढायचे, हे तोच ठरवतो. कामावरून परतल्यावर चूल, पाणी, लेकरं मात्र बाईच्याच वाट्याला.

म्हणून नुसतं काम मागून भागणार नाही. स्वतःच्या नावाचं खातं, खर्चात आपला शब्द आणि घरकामात वाटणी, हेही मागूया.