रिव्ह्यू खरा, पण कशावर खेळून?

गेमचा रिव्ह्यू पटला नाही की आपण लगेच म्हणतो, "याने पैसे खाल्ले." पण एक पैसा न घेताही रिव्ह्यू फसवा निघू शकतो.

'सायबरपंक २०७७' आठवतोय? १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी कंपनीने रिव्ह्यूसाठी फक्त पीसीची कॉपी दिली. सुरुवातीच्या रिव्ह्यूत स्वतःचं फुटेजही दाखवायचं नाही, कंपनीने दिलेलंच वापरायचं. मेटाक्रिटिकवर स्कोअर ९० च्या आसपास! आणि ज्यांच्या घरी साधा पीएस४ होता, त्यांच्याकडे गेम अडकायचा, मधेच बंद पडायचा. आठवडाभरात सोनीने तो स्टोअरवरून काढला आणि रिफंड देऊ केला.

रिव्ह्यू करणारे खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हातात पीसीचीच कॉपी होती. मी सॉफ्टवेअरवाला. टेस्टिंग कशावर केलं हे न सांगता "सगळं ओके" म्हटलं, तर आमच्याकडे कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून स्कोअरच्या आधी बघा: कॉपी कुणी दिली, कशावर खेळले, अटी काय होत्या. हे जो आपणहून सांगतो, त्याचं मत पटलं नाही तरी माणूस भरवशाचा. बाकी, त्याचा फोन ६० हजारांचा आणि तुमचा १५ हजारांचा असेल, तर त्याचे दहापैकी नऊ तुमच्या कामाचे नाहीत.